अर्ध्यावर सोडलेला जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरमधल्या हडकोतल्या एका दोन खोल्यांच्या घरात मी बसले होते. कुटुंबखर्चाच्या पाहणीसाठी आलेली मुलगी समोर होती, टॅबलेट मांडीवर घेऊन. घरातल्या बाई दाराच्या चौकटीला टेकून लसूण सोलता सोलता उत्तरं देत होत्या. रेशनचा तांदूळ किती, दुकानातला किती? गहू किती, दळून आणलेलं पीठ किती? गावाकडून ज्वारी आली ती किती किलो, आणि तीच शेतावर विकली असती तर काय भाव मिळाला असता? डाळींपर्यंत सगळं बरं चाललं होतं. तूर झाली, हरभरा झाला, मूग झाला. तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "नळ आले!" बाईंनी लसणाची परात तिथेच ठेवली आणि मोटर लावायला धावल्या. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे या हाकेपुढे दुसरं काही टिकत नाही. मुलगी अर्धा तास थांबली, मग बॅग उचलून पुढच्या घराकडे निघाली. दूध, तेल, अंडी, भाजी, मसाले, साखर हे सगळे रकाने कोरे राहिले.

त्या बाईंनी नकार दिला नव्हता. हिशेब लपवायचाही त्यांचा विचार नव्हता. तरी त्या पाहणीतून गळाल्या, निदान त्या दिवसापुरत्या. शाळेतून मुलं गळतात तेव्हा आपण कारणं शोधतो, समित्या नेमतो. पाहणीतून कुटुंबं गळतात तेव्हा त्यांच्या जागी दुसरी कुटुंबं घेतली जातात आणि काम पुढे सरकतं. या अर्ध्यावरच्या माणसांकडे नीट पाहावं म्हणून हा आढावा.

आधी या पाहणीवर काय काय उभं आहे ते सांगायला हवं. ही खर्चपाहणी ज्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा भाग आहे, ती १९५० साली सुरू झाली. त्यामागे प्रशांतचंद्र महालनोबिस होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळही सदस्य होते. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जो गाजलेला अभ्यास मांडला, तो याच पाहणीच्या आकड्यांवर बेतलेला होता. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं किमान गरजेइतकाही खर्च करू शकत नव्हती, असं त्यांनी दाखवलं. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषा नव्याने आखली, तीही याच पाहणीवरून. महागाईच्या निर्देशांकात कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचं हेसुद्धा इथूनच ठरतं. २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत खाद्य-पेय पदार्थांना ४५.८६ टक्के वजन होतं, ते २०११-१२ च्या खर्चपाहणीतून आलेलं. एवढा डोलारा शेवटी दाराच्या चौकटीला टेकून लसूण सोलणाऱ्या बाईच्या उत्तरांवर उभा असतो.

पाहणीची पद्धत बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. गाव किंवा शहरातला एखादा भाग नमुन्यात निवडला जातो. तिथल्या घरांची यादी होते, गट पडतात आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुटुंबं निवडली जातात. निवडलेल्या घराला कुलूप असेल, किंवा घरची माणसं बोलायलाच तयार नसतील, तर त्याच गटातलं दुसरं कुटुंब घेता येतं. हे बदली कुटुंब. नोंदपत्रात त्यासाठी सांकेतिक अंक आहेत: मूळ कुटुंब १, बदली २, कुणीच मिळालं नाही तर ३. बदलीचं कारणही लिहावं लागतं. माहिती देणारा कामात होता, माणसं बाहेरगावी होती, सहकार्य मिळालं नाही, किंवा इतर. पूर्ण झालेल्या मुलाखतीलाही शेरा असतो. माणूस सहकार्य करणारा आणि माहितगार होता, सहकार्य करणारा पण माहिती नसलेला होता, घाईत होता, की नाखूश होता.

हे अंक कच्च्या माहितीच्या फायलींत पडून असतात. अहवालाच्या पहिल्या पानांवर मात्र किती कुटुंबांची पाहणी झाली तो आकडा ठळक छापलेला असतो. २०२२-२३ च्या पाहणीत देशभरात २,६१,७४६ कुटुंबं होती. त्यांपैकी किती मूळची, किती बदली, आणि बदली कुठे जास्त झाली, हे सामान्य वाचकाच्या नजरेस पडत नाही. बदली कुटुंबामुळे कुटुंबांचा आकडा भरतो, पण कारण नाहीसं होतं. आपल्याकडे पाहणीला प्रतिसाद चांगला मिळतो असं म्हणतात, त्यामागे ही सोय बरीचशी आहे.

कुलूप लागलेल्या घराच्या जागी उघडं घर घेतलं तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं, कारण कुलूप सगळ्या दारांना सारखंच लागत नाही. कन्नड, सोयगाव, पैठणकडच्या वाड्यातांड्यांचं घ्या. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी येते आणि जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. परततात ती होळी-पाडव्याच्या सुमारास. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. उचल किती घेतली, फडावर किराणा कितीचा भरला, मुकादमाकडे किती फिटलं, हे आजीला कुठून माहीत असणार? मराठवाड्यातल्या सगळ्यात हलाखीच्या कुटुंबांचा हिशेब असा बरोबर हंगामातच हातातून सुटतो. त्यांच्या जागी बदली म्हणून जे घर मिळतं ते गावात राहणारं असतं. गावात राहता येतं म्हणजे निदान तेवढी कोरडवाहू जमीन, एखादं दुकान किंवा पगार असतो. आकडा आपोआप थोडा वर चढतो, आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं.

२०२२-२३ ची पाहणी या बाबतीत जुन्या पाहण्यांपेक्षा वेगळी होती. आधी एकाच भेटीत सगळं विचारलं जायचं. यादी वाढत वाढत ४०५ वस्तूंपर्यंत गेली, २०११-१२ मध्ये ती ३४७ ची होती. एवढी लांब यादी एका बैठकीत विचारली की माणूस थकतो. म्हणून तीन प्रश्नावल्या केल्या: खाण्यापिण्याची एक, रोजच्या वापरातल्या वस्तू आणि सेवांची दुसरी, टिकाऊ वस्तूंची तिसरी. एकाच कुटुंबाकडे तीन महिन्यांत तीनदा जायचं. कुठल्या घरी कोणती प्रश्नावली आधी हेही बदलतं ठेवलं. बैठक लहान झाली, कंटाळा कमी झाला आणि विसरलेल्या वस्तू आठवू लागल्या. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. पण एका दाराच्या जागी तीन दारं आली, आणि प्रत्येक दारात माणूस गळू शकतो. ऑक्टोबरात ज्या ऊसतोड कुटुंबाची पहिली भेट झाली, ते डिसेंबरातल्या तिसऱ्या भेटीला फडावर असणार. पहिल्या भेटीला चहा देणारं घर तिसऱ्या भेटीला आतूनच "पुढच्या आठवड्यात या" म्हणतं. दोनदा वेळ दिला, बदल्यात काही मिळालं नाही, मग तिसऱ्यांदा कशासाठी द्यायचा? त्या घराचं हे म्हणणं मला चूक वाटत नाही.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहराने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि देशभर बातमी झाली. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार होता. हे शहर मागासलेलं नाही, इथेही पैसा आहे, हे जगाला दाखवायचं होतं. त्या अभिमानाचं मला कौतुकच वाटतं. पण त्याच गाड्या ज्या बंगल्यांच्या आवारात उभ्या असतात, तिथे पाहणीवाल्या मुलीला फाटकावरूनच परत जावं लागतं. "साहेब नाहीत", "मॅडम झोपल्यात", "सोसायटीच्या चेअरमनचं पत्र आणा". जे घर खर्च मिरवायला तयार असतं, तेच तो खर्च नोंदवून द्यायला तयार नसतं. हे फक्त इथलं नाही. अमेरिकेतल्या पाहण्यांचा अभ्यास करून कोरिनेक, मिस्टिएन आणि रॅव्हॅलियन यांनी २००६ मध्ये दाखवलं की उत्पन्न जसं वाढतं तसं उत्तर देण्याचं प्रमाण घटतं. आपल्याकडे राष्ट्रीय लेख्यांतला खाजगी उपभोग आणि पाहणीतला उपभोग यांत मोठी तफावत आहे. तिची कारणं अनेक आहेत, पण फाटकावरचा रखवालदार हे त्यातलं एक नक्की.

२०२२-२३ मध्ये शहरी कुटुंबांचे गट चारचाकीवरून पाडले गेले. दहा लाखांहून महागडी गाडी असलेली कुटुंबं, त्याहून स्वस्त गाडी असलेली, आणि गाडी नसलेली. श्रीमंत घरं नमुन्यातून निसटू नयेत म्हणून ही तजवीज होती, आणि ती विचारपूर्वक केलेली होती. आता तोच चारचाकीचा प्रश्न दुसऱ्या अंगाने बघा. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. महिना १,५०० रुपये, आणि घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर अपात्र. त्यानंतर पडताळणी सुरू झाली, नावं कमी झाली. अशा दिवसांत कुणी सरकारी ओळखपत्र दाखवून "घरात गाडी आहे का?" असं विचारलं, तर गारखेड्यातली किंवा मुकुंदवाडीतली बाई काय समजेल? दिराची जुनी गाडी अंगणात उभी असली तरी तिला तिथेच बोलणं थांबवावंसं वाटेल. केशरी रेशनकार्ड जाईल, पिवळं जाईल, अनुदान बंद होईल, ही भीती जुनीच आहे. पाहणीतली माहिती गुप्त राहते, ती योजनेच्या यादीशी जोडली जात नाही. पण हे तिला कोण समजावणार? प्रश्न विचारणारा आणि पडताळणीला येणारा, दोघेही तिच्या लेखी "सरकारवाले". त्यात मोबाइल नंबर मागितला की ओटीपी सांगून पैसे गेलेला कुणीतरी नातेवाईक आठवतोच.

काही दारं भीतीने बंद होतात, त्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं पाहिजे. डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्व कायद्यावरून देश ढवळून निघाला होता, या शहरातही मोठे मोर्चे निघाले. तेव्हा देशाच्या अनेक भागांत नमुना पाहणीच्या माणसांना लोकांनी अडवलं. वही-टॅबलेट घेऊन घरातल्या माणसांची नावं लिहायला आलेला प्रत्येक जण लोकांना नागरिकत्व तपासणारा वाटत होता. पुढे २०२२-२३ ची खर्चपाहणी सुरू झाली तेव्हा शहर कागदावर औरंगाबाद होतं, संपली तेव्हा छत्रपती संभाजीनगर. त्याच काळात, मार्च २०२३ च्या अखेरीस, किराडपुऱ्यात दंगल झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. नंतरच्या आठवड्यांत त्या गल्ल्यांमधून कुणी ओळखपत्र लटकवून फिरलं असेल तर त्याला काय उत्तरं मिळाली असतील, याची कल्पना करता येते. त्यात यादीही बोलकी. नमुना पाहणीच्या खाद्ययादीत गोमांस आणि म्हशीचं मांस वर्षानुवर्षं एकाच ओळीत विचारलं गेलं. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या मांसावर नाही. एक कायदेशीर आणि एक बेकायदा वस्तू एका ओळीत, आणि विचारणारं सरकार. रोशन गेटजवळचा माणूस त्या ओळीशी आला की एक तर "नाही" म्हणेल, नाही तर "चला, नमाजाची वेळ झाली" म्हणून उठेल. प्रश्नाची मांडणी अशी असताना त्याला नाखूश असा शेरा लावणं अन्यायाचं आहे.

उठून जाणारा निदान दिसतो. न उठता सोडून देणारा दिसत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पहिल्या दहा-वीस वस्तूंनंतर माणसाला कळतं की "हो" म्हटलं की किती, कितीला, कुठून असे तीन प्रश्न मागून येतात आणि "नाही" म्हटलं की पुढची ओळ येते. मग "नाही" वाढत जातं. जिरे? नाही. खोबरं? नाही. अगरबत्ती? नाही. संध्याकाळी देवापुढे लावलेल्या उदबत्तीचा वास घरात अजून दरवळत असतो. नोंदपत्र पूर्ण भरतं, शेरा "सहकार्य करणारा" असा पडतो, आणि कुटुंबाचा निम्मा खर्च मधल्या ओळींत विरून जातो. घरात कोण उत्तर देतं यावरही बरंच अवलंबून असतं. तेलाचा भाव बाईला पाठ असतो, पण नवऱ्याची देशी, तंबाखू, टपरीवरचा चहा तिला माहीत नसतो, किंवा माहीत असून दाराआडच्या सासूसमोर सांगता येत नाही. दारूची ओळ आली की कित्येक घरांत सगळी मुलाखतच थंडावते.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तिचा अहवाल फिंडले शिरस यांच्या नावाने १९२३ मध्ये आला. दुष्काळी कामांवर जेवढं धान्य द्यायचा नियम होता, कामगार जास्तीत जास्त तेवढंच खातो आणि तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी खातो, असा त्याचा निष्कर्ष होता. असा निष्कर्ष काढायचा तर चाळीतल्या माणसांनी शेवटपर्यंत बसून हिशेब द्यायला हवा. पुढे नमुना पाहणीत किती दिवसांचा खर्च विचारायचा यावर पन्नास वर्षं वाद चालला. तीस दिवसांचा विचारला तर माणूस विसरतो, सात दिवसांचा विचारला तर आदल्या आठवड्यातलंही यात घालतो. १९९९-२००० च्या पाहणीत दोन्ही प्रश्न एकाच घराला विचारले, उत्तरं एकमेकांत मिसळली आणि ३६ वरून २६ टक्क्यांवर आलेली गरिबी खरी की प्रश्नाची करामत, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल तर सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये गुणवत्तेचं कारण सांगून प्रसिद्धच केला नाही. लाखभर घरांनी वेळ दिला आणि त्यांची उत्तरं दप्तरात राहिली. त्याच घरांच्या दारात पुन्हा जायचं तर काय तोंडाने जायचं? वाचकांना हे लांबचं वाटेल, पण लोक लक्षात ठेवतात.

जगातही हीच गळती आहे. अमेरिकेच्या ग्राहक खर्चपाहणीला १९९० च्या सुमारास ऐंशी टक्क्यांहून जास्त कुटुंबं उत्तर द्यायची, आता निम्मीही देत नाहीत. रोजच्या खर्चाची डायरी लिहून घेतात तिथे पहिल्या आठवड्यात नोंदी भरगच्च असतात, दुसऱ्या आठवड्यात विरळ होतात. ब्रिटनमध्ये तर २०२३ मध्ये रोजगाराच्या पाहणीला इतकी कमी उत्तरं आली की सांख्यिकी कार्यालयाला काही काळ आकडे देणं थांबवावं लागलं.

म्हणून मला सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली गावं सारखी आठवतात. शिरापूर, कळमण, कान्झारा, किनखेड. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ मध्ये या गावांत अभ्यास सुरू केला. प्रत्येक गावात ४० कुटुंबं, दहा भूमिहीन आणि तीस शेतकरी. दर तीन-चार आठवड्यांनी त्यांचा जमाखर्च लिहून घ्यायचा. हे एकदोनदा नाही, काही गावांत तर दहा वर्षं चाललं. अर्थशास्त्रात या गावांची नावं जगभर पोचली, टाउनसेंड यांचा १९९४ चा गाजलेला निबंध शिरापूर आणि कान्झारासारख्या गावांच्या आकड्यांवर उभा आहे. संकटात गावकरी एकमेकांना कितपत सावरतात, हे त्या निबंधात तपासलं होतं. लोक टिकले कसे? माझ्या मते उत्तर साधं आहे. माहिती लिहून घेणारा माणूस गावातच राहायचा. त्याला कळायचं कुणाची म्हैस व्याली, कुणाची विहीर आटली, कुणाच्या घरी सुतक आहे. सुतक असलेल्या घरी तो त्या दिवशी जायचा नाही. संध्याकाळी भाकरी झाल्यावर पारावर बसला की उरलेले प्रश्न तिथेच व्हायचे. तीस वर्षांनी नवे लोक गेले तेव्हा त्या कुटुंबांतली वेगळी झालेली मुलंही शोधता आली.

याउलट तीन महिन्यांत तीनदा येणारी मुलगी. ती बहुतेक वेळा ठरावीक पगारावर, कंत्राटी, ठरवून दिलेल्या कुटुंबांच्या आकड्यामागे धावणारी असते. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून घरी आलेल्या बाईला भाव विचारायला ती सोमवारी जाऊ शकली तर उत्तरं सोपी होतील, हे तिला माहीत असतं. पण तिचा वेळ तिच्या हातात नसतो. गल्लीत पाणी कधी येतं, ऊसतोड कधी निघते, रमजान कधी आहे, हे वेळापत्रकात मावत नाही. गळतीचं निम्मं कारण मला इथे दिसतं. उरलेलं निम्मं म्हणजे तिने पुन्हा त्याच घरी जावं यासाठी तिला पैसे मिळत नाहीत. नवं घर गाठलं की आकडा वाढतो, जुन्याच घरी तिसऱ्यांदा गेलं की वाढत नाही.

टॅबलेट आल्यापासून एक गोष्ट सहज शक्य झाली आहे. मुलाखत कुठल्या ओळीवर थांबली आणि किती वाजता, हे यंत्राला कळतं. ती ओळ जिल्हावार, महिनावार छापायला काय हरकत आहे? नाव नको, पत्ता नको, फक्त ओळ. मराठवाड्यात किती घरं डाळींवर थांबली, किती चारचाकीच्या प्रश्नावर, किती दारूच्या, किती मांसाच्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बदली कुटुंबांचं प्रमाण कन्नड तालुक्यात किती चढलं, आणि तांड्यावरच्या किती कुटुंबांना फडावर जाऊन गाठता आलं. गोमांस आणि म्हशीचं मांस दोन ओळींत विचारलं तर काही बदलतं का. लोकांनी उत्तर द्यायचं का थांबवलं, हेही घरखर्चाइतकंच मोजण्यासारखं आहे, आणि आपल्या सांख्यिकी खात्यांतल्या माणसांना ते येतं.

हडकोतल्या त्या घरी मुलगी दोन दिवसांनी परत गेली, स्वतःच्या वेळेत. पाणी भरून झालं होतं. बाईंनी पंखा लावून दिला, तेलाच्या पिशवीवरचा भाव दाखवला. मग फळीवरून उधारीची वही काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "यात बघा, दूध सोडून सगळं आहे. दूधवाल्याची वही त्याच्याकडेच असते."